आधी कृती, मग ओळख : आइसलँडचा २४ ऑक्टोबर १९७५

स्त्रीवादी चळवळीत माणसं येतात कशी, याचं एक ठरलेलं चित्र असतं. बाईला आधी अन्याय उमगतो, मग ती स्वतःला स्त्रीवादी म्हणवू लागते, आणि त्यानंतर कधीतरी रस्त्यावर उतरते. मानसशास्त्रातही बराच काळ साधारण याच क्रमाने मांडणी होत आली. आइसलँडमध्ये १९७५ साली हा क्रम उलटा पडला. स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवणाऱ्या बायका तिथे फार थोड्या होत्या. तरीही ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी काम थांबवलं. कचेरीतलं थांबवलं, कारखान्यातलं थांबवलं आणि घरातलंही थांबवलं.

ही गोष्ट 'बायकांची एकजूट' म्हणून अनेकदा सांगितली जाते. एकजूट झाली हे खरंच, पण ती कशाने झाली हा प्रश्न त्यात बुडून जातो. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मोर्चाच्या आधीचा वाटतो. कार्यक्रम काय म्हणून जाहीर करायचा, यावरून बायकांच्या समितीत झालेली तडजोड हा तो भाग.

आधीची परिस्थिती

तेव्हा आइसलँडची लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार होती. बायकांना मताधिकार मिळाला १९१५ साली, तोही चाळिशी ओलांडलेल्यांनाच. पुरुषांच्या बरोबरीने तो मिळायला १९२० उजाडलं. समान वेतनाचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १९६७ पर्यंत टप्प्याटप्प्याने तो पूर्ण लागू व्हायचा होता. म्हणजे कागदावर सगळं आलबेल होतं. प्रत्यक्षात १९७५ मध्ये बाईची कमाई पुरुषाच्या कमाईच्या ६० टक्क्यांनाही पोचत नव्हती, आणि आल्थिंग या साठ जागांच्या संसदेत तीन बायका होत्या.

अशा अवस्थेत माणसाचं मन एक सोयीची समजूत करून घेतं. कायदा आहे, मत आहे, म्हणजे दारं उघडी आहेत. मग मी मागे राहिले ती माझ्याच वाटणीची गोष्ट. उघड बंदी असते तेव्हा अन्यायाकडे बोट दाखवणं सोपं जातं. दार उघडं दिसत असूनही आत जाता येत नाही, तेव्हा बोट स्वतःकडेच वळतं. स्त्रीवादी भान जागं व्हायला ही परिस्थिती सर्वांत अवघड. इतकी अवघड, की बऱ्याच जणींना 'आपल्यासारख्याच सगळ्या आहेत' एवढं कळायलासुद्धा बाहेरचं निमित्त लागतं.

त्या देशात हे निमित्त देण्याचा प्रयत्न १९७० पासून चालू होता. त्या वर्षी 'रेडस्टॉकिंग्ज', म्हणजे लाल मोजेवाल्या, हा गट उभा राहिला. मे दिनाच्या कामगार मोर्चात या बायका लाल मोजे घालून सामील झाल्या. सोबत व्हीनसचा मोठा पुतळा होता आणि त्यावर 'माणूस आहे, विकाऊ माल नाही' अशा अर्थाची घोषणा. तरुण, धीट, डोळ्यांत भरणाऱ्या. मासे साफ करण्याच्या कारखान्यात उभ्याने दिवस काढणारी बाई किंवा दूरच्या शेतावरची गृहिणी या लाल मोजेवाल्यांकडे पाहून काय म्हणत असेल? बोलतात ते पटतं, पण आपण त्यांच्यातल्या नाही.

पेच

संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष जाहीर केलं होतं. ते आइसलँडमध्ये कसं पाळायचं यावर बायकांच्या संघटनांमध्ये खल सुरू झाला. रेडस्टॉकिंग्जनी सुचवलं, एक दिवस संप करू. आपण काम थांबवलं की आपल्या कामाची किंमत कळेल. जूनमध्ये राजधानी रेक्याविकला महिला परिषद भरली आणि २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनी, काम थांबवण्याचा ठराव झाला. मात्र तो मंजूर होईपर्यंत 'संप' गळला होता आणि त्याच्या जागी 'बायकांचा सुट्टीचा दिवस' आला होता.

वरवर पाहता ही नुसती माघार. संपाला धार असते, सुट्टीला काय असतं? रेडस्टॉकिंग्जना संपच हवा होता. पण समितीत निरनिराळ्या संघटनांच्या, निरनिराळ्या राजकीय मतांच्या बायका होत्या. त्यांत उजव्या विचारांच्याही होत्या. संप म्हणजे डाव्यांचं काम, असं मानणाऱ्या बाईला संपावर आणायचं तर आधी तिचं राजकारण बदलावं लागलं असतं. चार महिन्यांत ते होणार नव्हतं.

एक व्यावहारिक कारणही होतं. संपावर गेल्याबद्दल एखादीला कामावरून काढता आलं असतं, सुट्टी मात्र नाकारणं कठीण होतं.

मला याहून मोठं वाटतं ते तिसरं कारण. संपाला समोर कुणीतरी प्रतिपक्ष लागतो. कारखान्यातल्या बाईपुढे मालक आहे. गृहिणीने संप करायचा कुणाविरुद्ध? रात्री ज्याच्या शेजारी झोपायचं त्या नवऱ्याविरुद्ध, की दोन वर्षांच्या मुलाविरुद्ध? पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मांडलेल्या द्विधा लिंगभेदाच्या सिद्धांतात नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे. इतर वर्चस्वांमध्ये दोन्ही बाजू सहसा एकमेकांपासून लांब राहतात. स्त्री-पुरुषांच्या बाबतीत मात्र सत्ता आणि माया एकाच छपराखाली नांदतात. त्यामुळे स्त्रीवादी कृतीत उतरणाऱ्या बाईला हक्काबरोबर नात्याचाही हिशेब मांडावा लागतो. 'सुट्टी'ला प्रतिपक्ष लागत नाही. ती घेता येते, आणि संध्याकाळी त्याच घरात परतताही येतं.

म्हणून ही तडजोड मला नुसता मवाळपणा वाटत नाही. कृती तीच ठेवली, काम बंद. बदलला तो त्या कृतीत शिरण्यासाठी स्वतःला लावून घ्यावा लागणारा शिक्का.

दिवस उजाडण्याआधी

पुढचे चार महिने संघटनांनी गावोगाव निरोप पोचवले. वर्तमानपत्रं, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांना गाठून कमी पगाराच्या, भेदभावाच्या बातम्या लावून घेतल्या. एक पत्रकही निघालं. सुट्टी का घ्यायची, याची कारणं त्यात होती आणि ती अगदी जमिनीवरची होती. घर सांभाळल्याचा अनुभव नोकरीच्या बाजारात कवडीमोलाचा ठरतो. शेतकऱ्याच्या बायकोला शेतकरी संघटनेत पूर्ण सभासदत्व मिळत नाही. पितृसत्तेचं विवेचन नाही की जडजंबाल परिभाषा नाही. वाचणारीला 'हे तर माझंच' वाटावं, इतकंच. भेदभाव तुमच्याशी होतो का, असं बाईला थेट विचारलं तर ती बऱ्याचदा नाही म्हणते. बायकांशी होतो का, असं विचारलं तर हो म्हणते. पत्रकाने हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून टाकले.

मालकवर्गालाही अंदाज आला होता. बाप मुलांना घेऊनच कामावर येणार, हे ओळखून कचेऱ्यांनी खाऊ, कागद आणि पेन्सिली आणून ठेवल्या.

शुक्रवार

शाळा आणि पाळणाघरं बंद पडली किंवा कशीबशी चालली. माशांचे कारखाने थांबले, कारण तिथे काम करणारे हात बहुतेक बायकांचेच होते. बँकांच्या खिडक्या, दुकानं, टेलिफोन, विमानसेवा अशी जिथे जिथे बायका होत्या तिथली कामं अडली. दुकानांतले सॉसेज संपले. पटकन शिजतात आणि मुलं कुरकुर न करता खातात, त्यामुळे त्या दिवशी घरोघरच्या बापांनी तेच निवडलं होतं. रेडिओवर पुरुष निवेदक बातम्या वाचत होते आणि त्यांच्या आवाजामागे मुलांचा दंगा ऐकू येत होता. दूरदूरच्या वस्त्यांमध्ये किती बायकांनी सुट्टी घेतली, हे विचारायला रेडिओवाल्यांनी घरोघर फोन लावले, तर बऱ्याच ठिकाणी तो उचलला घरी थांबलेल्या नवऱ्यानेच.

रेक्याविकच्या मध्यवर्ती चौकात सुमारे २५ हजार लोक जमले. एकूण लोकसंख्येच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास. बोलणाऱ्यांत एक गृहिणी होती, दोन खासदार होत्या, चळवळीची एक प्रतिनिधी होती, एक कामगार बाई होती. शेवटचं भाषण 'सोक्न' या सर्वांत कमी पगारावर राबणाऱ्या बायकांच्या युनियनतर्फे आदलहेदुर ब्यार्नफ्रेद्सदोत्तिर यांनी केलं. हा क्रम मोलाचा आहे. व्यासपीठावरचा शेवटचा आवाज हात राबवणाऱ्या बाईचा ठेवला, आणि 'ही शिकल्यासवरलेल्या मुलींची थेरं' असं म्हणायची सोय उरली नाही.

वर्तमानपत्रांची छपाईसुद्धा अडली, कारण मजकुराची जुळणी करणाऱ्या बायकाच होत्या. मध्यरात्री सुट्टी संपताच त्या कामावर परतल्या. दुसऱ्या दिवशीचे अंक पातळ निघाले आणि त्यांत बातमी बायकांच्या सुट्टीचीच. ती जुळवणारे हात ज्यांनी बातमी घडवली त्यांचेच.

उलगडा

पुढे येणारे बहुतेक सिद्धांत या घटनेनंतरचे आहेत. त्या दिवशी कुणीही मानसशास्त्राचं पुस्तक उघडून आखणी केली नव्हती. सिद्धांत मागाहून लावले की सगळं अटळच होतं असं भासतं, हा धोका मान्य करूनच पुढे जाऊ.

पहिली गोष्ट आकड्याची. पाठिंबा असणं आणि प्रत्यक्ष येणं यांत केवढी दरी असते, हे बर्ट क्लांडरमन्स आणि डिर्क ऊगेमा यांनी नेदरलँड्समध्ये मोजलं होतं. १९८३ मध्ये हेग शहरात क्षेपणास्त्रांविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली. त्यांनी अभ्यासलेल्या गावात सुमारे तीन चतुर्थांश लोकांना चळवळीची मागणी मान्य होती. प्रत्यक्ष गेले शंभरात चार. बाकीचे वाटेत गळाले: कुणाला कुणी विचारलंच नाही, कुणाची इच्छा झाली नाही, कुणाला ऐनवेळी अडचण आली. नेहमीचं प्रमाण हे असं असतं. त्यापुढे ९० टक्के हा आकडा ठेवला की लक्षात येतं, आइसलँडमध्ये गळतीची जवळजवळ सगळी भोकं बुजवली गेली होती. निरोप प्रत्येकीपर्यंत पोचला होता. नोकरी जाण्याची भीती कमी झाली होती. आणि भाग घ्यायला चौकात जायलाच हवं असं नव्हतं. स्वयंपाकघरात न शिरणं हासुद्धा सहभागच होता. आड गावातली, गाडी नसलेली, कडेवर मूल असलेली बाईही जागच्या जागी सामील होऊ शकत होती.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. अ‍ॅलिसा झुकर यांनी २००४ मध्ये अमेरिकी स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात एक गट वेगळा काढला. स्त्रीवादाची मूलभूत मतं मान्य असलेल्या, पण 'मी स्त्रीवादी नाही' म्हणणाऱ्या बायकांचा तो गट. हा गट सगळीकडे सापडतो, आणि चळवळीतल्या लोकांना त्याचा भारी राग येतो. सगळं हवं, फक्त नाव नको! पण राग बाजूला ठेवून पाहिलं तर नाव टाळण्यामागे साधा हिशेब असतो. त्या नावाबरोबर एक प्रतिमा येते. सतत चिडलेली, पुरुषांचा द्वेष करणारी, एकटी. रॉबिन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग केला. काही तरुणींना स्त्रीवाद्यांचं चांगलं चित्र रंगवणारा परिच्छेद वाचायला दिला. तेवढ्यानेही स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. म्हणजे अडथळा बऱ्याचदा मतांचा नसतो, प्रतिमेचा असतो. आइसलँडच्या समितीपुढे दोन वाटा होत्या. प्रतिमा सुधारायची, किंवा प्रतिमेला वळसा घालायचा. त्यांनी वळसा घातला.

झुकरच्या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे प्रकरण फार गोड होईल. ज्या बायका स्वतःला स्त्रीवादी म्हणवतात त्या प्रत्यक्ष कामातही जास्त दिसतात. ओळख ही नुसती बिरुदावली नव्हे. एक दिवस येणं आणि वर्षानुवर्षं टिकणं यांतला फरक बहुधा तिथेच पडतो.

तिसरी गोष्ट, 'बाकीच्या काय करतील' हा प्रश्न. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये उंबरठ्याचा सिद्धांत मांडला. सामूहिक कृतीत उतरण्यासाठी प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो. कुणी सर्वांत आधी उतरतो, कुणाला दहा जण उतरलेले दिसावे लागतात, कुणाला निम्मं गाव. मनातून सगळ्या तयार असूनही, शेजारीण तयार नसेल असं प्रत्येकीला वाटत राहिलं, तर कुणीच हलत नाही. आइसलँडमध्ये वर्तमानपत्रं आणि रेडिओ आठवडेच्या आठवडे याच विषयावर बोलत होते. मालक खाऊ-पेन्सिली आणत होते. या तयारीनेच प्रत्येकीला कळत होतं, की बाकीच्या येणार आहेत. आता उलट प्रश्न उभा राहिला: सगळ्या सुट्टीवर असताना मी एकटीच कामावर दिसले तर? ज्या समाजाच्या दबावाने आदल्या वर्षीपर्यंत बायकांना गप्प ठेवलं, तोच दबाव त्या दिवशी त्यांना बाहेर काढत होता. छोट्या देशात हे जास्त जोरात चालतं, आणि हे या प्रकरणाचं एक मोठं वैशिष्ट्य आहे. दहा कोटींच्या देशात शेजारणीचं मन वाचणं इतकं सोपं नसतं.

चौथी गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. त्या दिवशी घरी गेलेली बाई स्वतःला काय सांगत असेल? डॅरिल बेम यांनी १९७२ मध्ये मांडलं होतं, की माणूस बऱ्याचदा स्वतःच्या वागण्याकडे पाहून स्वतःची मतं ओळखतो, अगदी परक्याकडे पाहावं तसा. मी आज काम थांबवलं, चौकात गेले, अनोळखी बाईबरोबर गाणं म्हटलं. त्याअर्थी ही गोष्ट माझी आहे. जॉन ड्र्युरी आणि स्टीव्ह रायशर यांच्या संशोधनात आणखी एक पदर आहे. जमाव आपलं म्हणणं प्रत्यक्षात उतरलेलं डोळ्यांनी पाहतो, तेव्हा आलेल्यांना बळ मिळतं आणि ते बळ घरी गेल्यावरही काही काळ पुरतं. 'बायकांशिवाय देश चालत नाही' हे वाक्य पत्रकात वाचणं वेगळं आणि बंद पडलेली बँक, पातळ वर्तमानपत्र, घामाघूम नवरा या रूपांत पाहणं वेगळं.

मार्टाइन व्हान झोमेरेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सामूहिक कृतीमागे त्यांना तीन धागे आढळले: अन्यायाची जाणीव, 'आपल्याने होईल' हा विश्वास आणि गटाशी ओळख. ओळखीचा धागा बाकीच्या दोघांनाही बळ देतो, असं त्यांचं म्हणणं. आइसलँडची घटना याला छेद देते का? मला तसं वाटत नाही. तिथेही ओळख लागलीच, फक्त ती 'स्त्रीवादी' ही नव्हती. 'बाई' एवढीच होती, आणि ती प्रत्येकीकडे आधीपासून होती. समितीने केलं ते इतकंच, की या तयार ओळखीला एका दिवसापुरतं राजकीय वजन दिलं.

मग रेडस्टॉकिंग्जचं काय?

इथवर वाचून कुणाला वाटेल, तीव्र भाषा नकोच, सगळं गोडीगुलाबीने घ्यावं. हा निष्कर्ष या प्रकरणातून निघत नाही.

नॅन्सी डाउनिंग आणि क्रिस्टिन रूश यांनी १९८५ मध्ये स्त्रीवादी ओळखीच्या पाच पायऱ्या मांडल्या. कृष्णवर्णीय ओळखीबद्दलच्या विल्यम क्रॉस यांच्या मांडणीवरून त्या बेतलेल्या होत्या. निमूट स्वीकार, मग डोळे उघडणं आणि संताप, मग आपल्यासारख्या बायकांच्या सहवासात मुरणं, मग समतोल, शेवटी कामाशी बांधिलकी. प्रत्येक बाई याच वाटेने जाते, असं मानण्याला पुढे बरीच टीका सोसावी लागली आणि ती रास्त होती. पण चळवळीच्या गाभ्यातल्या थोड्या लोकांचं वर्णन म्हणून ही मांडणी आजही उपयोगी पडते. रेडस्टॉकिंग्जनी संताप आणि सहवास या टप्प्यांतून जाऊन पाच वर्षं पायपीट केली होती. काम थांबवण्याची कल्पना त्यांच्याकडूनच आली. मवाळ समितीला ती कधी सुचली असती, असं मला वाटत नाही. शिवाय लाल मोज्यांचा मोर्चा लोकांनी पाहिलेला असल्यामुळे 'सुट्टी' शहाणपणाची, मध्यममार्गी दिसली. टोकाची बाजू असली की मधली बाजू पटण्याजोगी वाटू लागते. चळवळींच्या अभ्यासकांना हा परिणाम चांगला परिचयाचा आहे.

गाभ्याशिवाय कल्पना नाही आणि परीघाशिवाय संख्या नाही. यात गाभ्याच्या वाट्याला येणारी गोष्ट कडू असते. आपली कल्पना, पण नाव दुसऱ्याच्या पसंतीचं. कार्यकर्त्यांच्या थकव्याबद्दल बोलताना आपण विरोधकांच्या हल्ल्यांचा हिशेब मांडतो. आपल्याच मित्रांसाठी स्वतःची भाषा गिळावी लागते, त्याचा थकवा हिशेबात येत नाही.

पुढे काय झालं

दुसऱ्याच वर्षी, १९७६ मध्ये, संसदेने समानतेचा कायदा केला आणि समानता परिषद नेमली. १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. लोकशाही मार्गाने थेट निवडून आलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. घटस्फोटित, एकटीने मूल दत्तक घेतलेली बाई, तीन पुरुषांविरुद्ध, सुमारे ३४ टक्के मतं. सुट्टीच्या दिवशी त्या रेक्याविकच्या नाट्यसंस्थेच्या प्रमुख होत्या आणि तालीम सोडून चौकात गेल्या होत्या. तो दिवस झाला नसता तर आपण निवडून आलो नसतो, असं त्या पुढे सांगत आल्या. १९८३ मध्ये बायकांचा स्वतंत्र पक्ष 'महिला आघाडी' संसदेत तीन जागा घेऊन आला आणि एकूण महिला खासदार तीनवरून नऊ झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या देशात 'संप' म्हणायला कचरत होते, तिथे 'बाई म्हणून मत द्या' हे आता उघड बोललं जात होतं. आधी कृती आणि मग ओळख, हा क्रम इथे सर्वांत ठळक दिसतो.

त्यातला ताणही दिसतो. १९८५ च्या २४ ऑक्टोबरला, दहाव्या वर्धापनदिनी, बायकांनी पुन्हा सुट्टी घेतली. नेमक्या त्याच दिवशी सरकारने हवाई सुंदरींचा संप मोडणारा कायदा विग्दिस यांच्यापुढे सहीला ठेवला. त्यांनी काही तास सही रोखली, आणि त्याच दिवशी शेवटी केली. दोन ओळखी एका टेबलावर आमनेसामने आल्या आणि पदाची जड भरली. त्यावरून त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण एक बाई वर पोचली म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटला, असं समजणाऱ्यांनी ही दुपार जरूर आठवावी.

पगाराची गोष्ट मात्र फारच हळू सरकली. २००५ मध्ये बायका दुपारी २ वाजून ८ मिनिटांनी कामावरून उठल्या. तेव्हा बाईची कमाई पुरुषाच्या ६४.१५ टक्के होती. ९ ते ५ च्या दिवसात तेवढ्या हिश्शाचं काम २:०८ ला संपतं, म्हणजे त्यापुढे फुकट राबायचं. २०१६ मध्ये हीच वेळ २:३८ होती, २०१८ मध्ये २:५५. मोजमापं अगदी एकसारखी नाहीत, पण १९७५ च्या ६० टक्क्यांखालून इथवर यायला लागलेला काळ डोळ्यांसमोर येतो. मनं पाच-दहा वर्षांत बदलली, पगारपत्रकं चाळिसाव्या वर्षानंतरही मिनिटामिनिटाने सरकत होती.

'सुट्टी' म्हणण्याची किंमत मला इथे दिसते. संपाला मागणी असते, आणि मागणी मान्य झाली की नाही हे तपासता येतं. त्या दिवसाचा हेतू बायकांच्या कामाचं महत्त्व दाखवणं हा होता. ते दाखवून झालं, सगळ्यांनी मान्य केलं, टाळ्याही वाजल्या. कुणी कुणाला काय देणं लागतो, हे कागदावर आलं नाही. जितकी जास्त माणसं आत घ्यायची तितकी मागणी पुसट ठेवावी लागते, ही अडचण प्रत्येक रुंद आघाडीपुढे असते. आइसलँडच्या समितीने संख्या निवडली. १९७५ साली मीही तेच निवडलं असतं. दहा वर्षांनी पुन्हा तेच निवडायला मात्र मी कचरले असते.

२०२३ मध्ये 'संप' परत आला. २४ ऑक्टोबरला १९७५ सारखाच पूर्ण दिवसाचा कामबंद झाला, पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर यांनीही त्या दिवशी काम केलं नाही, आणि 'याला समानता म्हणता?' ही घोषणा होती. तोवर आइसलँड लिंगसमानतेच्या जागतिक क्रमवारीत सलग चौदा वर्षं पहिला होता. हाक घालणाऱ्यांनी या वेळी बायकांबरोबर स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांनाही धरलं, आणि देशात बाहेरून आलेल्या कामगार बायकांच्या श्रमाला दादच मिळत नाही हे आवर्जून मांडलं. १९७५ मध्ये 'बाई' एवढी ओळख पुरली, कारण चौकात जमलेल्यांची भाषा आणि पार्श्वभूमी जवळपास एकच होती. दुसऱ्या देशातून येऊन साफसफाईचं किंवा शुश्रूषेचं काम करणाऱ्या बाईला एक दिवस काम थांबवताना आपल्या बाजूने कोण उभं राहील याची खात्री तितकीशी नसते. तिच्या घरी फोन लावला तर तो उचलायला सुट्टीवर थांबलेला नवरा असेलच असंही नाही.